पाठीचं माप

“तिथं नाही गं. खाली. अजून खाली. चोळतेयस की वाट शोधतेयस?”

“पाठ आहे की फळी? बोट रुतेल तर शपथ.”

“हळू बोल. आई बाहेर आहेत.”

“आई कधी बाहेर नसतात?”

न्हाणीघर इतकं चिंचोळं होतं की एका जावेनं श्वास घेतला की दुसरीला सोडावा लागे. थोरली पालथ्या बादलीवर बसली होती. धाकटी भिंतीला टेकून तिच्या कमरेत दोन्ही अंगठ्यांनी मलम जिरवत होती. डबी तळाशी आली होती, कारण धाकटीनं आधी स्वतःच्या पाठीला हात मारून घेतला होता. परीक्षेला जाताना कोण तयारी करत नाही, असं तिचं म्हणणं.

परीक्षाच होती ती. बटाट्याच्या शेतावर त्या दिवशी पाठीचं माप घेणारी बाई यायची होती. बातमी मुकादमानं दिली होती. मुकादम कुठलीही गोष्ट अर्धीच सांगायचा, त्यामुळे उरलेली अर्धी बायकांनी आपापल्या भीतीप्रमाणे भरून घेतली होती. कुणी म्हणालं, पाठीला वीज लावतात. कुणी म्हणालं, लावत नाहीत, पाठीतलीच काढतात. एवढं मात्र सगळ्यांना पटलं होतं, की जिची पाठ मापात बसणार नाही तिला टोळीतून काढणार. मालक म्हणालाच होता म्हणे, एकदा कळू दे कुणाची पाठ किती चालते.

थोरलीची पाठ चालत नव्हती. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. तिच्या नवऱ्यानं पाण्याचं पिंप जमिनीवरून उचलून ओट्यावर ठेवलं होतं आणि कारण सांगितलं होतं, खाली मुंग्या होतात. धाकटी आपणहून केर काढायला लागली होती आणि वर तोंड करून म्हणायची, तुमचा केर कोपऱ्यात राहतो. सासूबाईंनी काहीच केलं नव्हतं. काही झालेलंच नाही असं धरून चालायचं, ही त्यांची जुनी रीत.

“आंघोळी झाल्या का?” बाहेरून आवाज आला. “की तिथंच संसार मांडलाय?”

“आलोच, आई.”

दार उघडलं तर सासूबाई समोर उभ्या. शेतावर त्यांना पहारबाई म्हणत, आणि पाठीमागे नुसतं पहार. सरळ, लोखंडी, रोवाल तिथं उभी. घरात त्या सगळ्यांच्या आधी उठत, इतक्या आधी, की अंथरुणातून उठताना त्यांना कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

त्यांनी हवेत नाक फिरवलं. “कसला वास?”

“नवीन साबण,” धाकटी म्हणाली.

“साबणाला सर्दी झालीय वाटतं.” एवढं बोलून त्या वळल्या, आणि चपला पायात सरकवताना खाली न बघता पायानंच चाचपल्या.

त्या वर्षी थंडी घाईनं आली होती. बटाट्याचा पाला एका रात्रीत काळा पडला होता. जमीन गोठली की आतला बटाटा पाणी होतो, त्यामुळे त्याआधी सगळं शेत वर काढायचं होतं. थोरलीचा नवरा ट्रॅक्टरवर पुढे असे. मागच्या लोखंडी पात्यानं सरी उकरली जाई, माती उलटे, आणि पिवळट बटाटे थंड मातीवर उघडे पडत. मागून बायकांची रांग वाकत यायची. गुडघे मोडून बसायचं नाही, बसलं की उठण्यात वेळ जातो. कमरेतून दुमडायचं, दोन्ही हातांनी वेचायचं, पायांमधून क्रेट ढकलत न्यायचा. क्रेट भरला की पोटाशी धरून बांधावरच्या ट्रॉलीपर्यंत न्यायचा.

यंदा घाई म्हणून मुकादमानं शीग लावायला सांगितली होती. काठापर्यंत भरलेला क्रेट त्याला भरलेला वाटेना. काठावर आणखी ढीग चढला पाहिजे, चालताना एखादा बटाटा घरंगळला पाहिजे, तेव्हा त्याचं समाधान व्हायचं. आणि वाटेत टेकवायचा नाही.

थोरलीनं मागच्या आठवड्यात टेकवला होता. एकदा नाही, पुनःपुन्हा. क्रेट खाली ठेवून ती हात गुडघ्यांवर रोवून उभी राहिली, तोंड मातीकडे. मुकादमानं सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हटलं, “सोंगं बघावीत लोकांची. सासू बघा आणि सून बघा.” नवरा ट्रॅक्टरवरच होता. त्यानं ऐकलं की नाही हे कळायला मार्ग नव्हता, कारण नेमका तेव्हाच त्यानं गिअर बदलला. पहारबाई शेजारच्याच सरीत होत्या. त्यांनी आपला क्रेट उचलला आणि पुढे गेल्या. तेव्हापासून थोरलीचं नाव टोळीत अधांतरी होतं. आजचं माप बिघडलं की ते गळणार, हे ती पक्कं धरून होती.

मापवाली बाई निघाली वयानं धाकटीपेक्षा लहान. तिची गाडी चिखलामुळे रस्त्यावरच राहिली होती आणि ती आपली पेटी स्वतः ओढत आली होती, त्यामुळे आल्या आल्या तिनंच कमरेवर हात ठेवून पाठ ताणली. बायकांना ते बरं वाटलं.

प्रतवारीच्या शेडमध्ये लांब टेबल होतं. त्यावर तिनं गादी अंथरली, पेटीतून वायरी, डबीएवढी यंत्रं आणि एक टॅब काढला. मुकादम दारातून डोकावत होता. तिनं त्याच्याशी गोड बोलत दार लावून घेतलं.

“बटणाएवढ्या चकत्या आहेत या,” ती म्हणाली. “कण्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवायच्या. वीज मी देत नाही. स्नायू काम करतो तेव्हा त्याच्यातच बारीकशी वीज असते, ती या चकत्या पकडतात. दुखणार नाही.”

पहिली बाई पालथी झोपली. चकती लावली, घसरली. दुसरी लावली, घसरली. मापवालीनं पाकीट उलटून तारीख बघितली. दुसऱ्या बाईला बोलावलं. तिच्या पाठीवरून चकती बर्फावरून घसरावी तशी थेट गादीवर.

“पाठीला काही लावलंय का?”

“नाही,” दोघी म्हणाल्या.

“कुणीच काही लावलं नाहीये?”

“नाही,” सगळ्या म्हणाल्या.

मापवालीनं हळूच श्वास घेतला. दार बंद होतं आणि शेडमध्ये औषधाच्या दुकानासारखा वास कोंडला होता. तिच्या खांद्यांना हसू फुटलं. तेवढ्यानं बांध फुटला. कुणी मलम लावलं होतं, कुणी तेल गरम करून लावलं होतं. एकीच्या घरात तेल संपलं होतं म्हणून तिनं शिलाई मशीनचं लावलं होतं.

“तरीच काल तुझी पाठ कुरकुरत होती, आज गप्प आहे,” धाकटी म्हणाली.

“पण का?” मापवालीनं डोळे पुसत विचारलं.

“पाठ चांगली दिसावी म्हणून,” मशीनच्या तेलवाली म्हणाली.

“मला पाठ दिसत नाही, ताई. मला ती ऐकू येते.” मग ती गंभीर झाली. “आणि एक सांगते. कुणाची पाठ कशी, ते मी मुकादमांना सांगणार नाही, मालकांनाही नाही. माप क्रेटचं आहे. तुमच्या पाठी म्हणजे माझा तराजू.”

कुणाचा विश्वास बसला असं नाही, पण तिनं स्पिरिटच्या बोळ्यानं एकेकीची पाठ स्वतः पुसून काढली. गार बोळा लागला की बाई शहारायची आणि बाकीच्या हसायच्या. पाठ पुसता पुसता ती प्रत्येकीला विचारी, “दुखतं का?” आणि प्रत्येक जण म्हणे, “नाही.” थोरलीनंही म्हटलं, “नाही.” मापवाली सगळ्यांना एकाच सुरात “बरं” म्हणाली.

पहारबाई भिंतीशी उभ्याच होत्या.

“आजी, तुम्ही या ना.”

“आजी कुणाला म्हणतेस? मला अजून नातवंड नाही.”

“मग मावशी.”

“मला नको. माझ्या पाठीला हात लावून घ्यायची मला सवय नाही,” पहारबाई म्हणाल्या. दोन्ही सुनांनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

प्रकार असा होता. टेबलावर पालथं झोपायचं, कमरेपासून वरचं अंग टेबलाच्या बाहेर. पाय पट्ट्यानं बांधलेले. हात छातीशी घेऊन वरचं अंग हवेत सरळ धरायचं, जमेल तितका वेळ. मापवालीनं यंत्राला छोटा स्पीकर जोडला होता.

धाकटीनं अंग उचललं आणि स्पीकरमधून तडतड सुरू झाली, तापलेल्या तव्यावर पाण्याचे थेंब उडावेत तशी, बारीक आणि दाट.

“ही मी?” धाकटी हवेतूनच म्हणाली. “मी एवढी बोलते?”

“कमीच आहे हे,” कुणीतरी म्हणालं.

“ताजा स्नायू असा बोलतो,” मापवाली म्हणाली. “बारीक, भराभर. थकायला लागला की आवाज मोठा होतो, पण जाड आणि सावकाश होतो. तोच ऐकायचा.”

बराच वेळ झाला. धाकटीच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या आणि आवाज खरोखर खाली उतरू लागला, तडतड संपून घरघर उरली. तिनं “गेले” म्हणून अंग सोडलं. बायकांनी तिला धरून बसवलं.

मग थोरली. तिनं अंग उचललं. सुरुवातीला तीच तडतड. पण एखादा डबा उघडून पुन्हा लावावा एवढ्यात ती जाडसर झाली, आणि मग अशी खोल घरघर सुरू झाली की शेडच्या पत्र्याला जाणवावी. थोरलीचा चेहरा लाल झाला होता, तरी ती अंग सोडेना. मापवाली म्हणाली, “पुरे, ताई, सोडा.” ती सोडेना. सोडलं की नाव गेलं, असं तिच्या मानेच्या शिरेवर लिहिलेलं होतं. शेवटी धाकटीनं खालून तिच्या खांद्यांना हात दिला आणि म्हणाली, “बास झालं, जाऊबाई. ऐकलं सगळ्यांनी.”

आपल्या जवळच्या माणसाची पाठ आतून कशी कण्हते, हे कुणी असं उघड ऐकलं नव्हतं. पहारबाईंचा हात दाराच्या चौकटीवर गेला होता, आणि ती त्यांनी घट्ट धरली होती.

नंतर चकत्या तशाच ठेवून, यंत्राची डबी कमरेला बांधून सगळ्या शेतात गेल्या. नेहमीचं काम करायचं, शिगेच्या क्रेटनं. मापवाली बांधावर पेटीवर बसून टॅबवर रेघा बघत होती. मुकादमाला किती वेळ राहवणार? तो मागे येऊन उभा राहिला.

“ही कुणाची?”

“नाव सांगत नाही.”

“नका सांगू. वाकलेली दिसतेय मला, धाकटीच आहे.” त्यानं मान पुढे काढली आणि त्याचा चेहरा उजळला. धाकटी कमरेतून पूर्ण दुमडून बटाटे वेचत होती, आणि टॅबवरची रेघ सपाट पडली होती, झोपल्यासारखी. “आता बोला. वाकलं की रेघ गप्प. म्हणजे वाकून आराम चाललाय. मी ओरडलो की वाईट.” त्यानं रांगेकडे तोंड करून आवाज चढवला. “अगं बायांनो, मशीन सांगतंय, तुम्ही शेतात झोपा काढता.”

रांग थांबली. बायका एकेक करून ताठ झाल्या, कमरेवर मातकट हात.

मापवाली उठून उभी राहिली. “मुकादम, कडी लावलेलं दार कुणी हातानं धरून ठेवत नाही. पण धक्के बसायचे थांबतात का? ते कडीला बसतात. पूर्ण वाकून राहिलं की स्नायू सोडून देतो आणि सगळं अंग मणक्यांना बांधणाऱ्या आतल्या दोऱ्यांवर लटकतं. स्नायू गप्प म्हणजे आराम नाही. सगळा भार कडीवर आलाय.”

“असं म्हणता,” मुकादम म्हणाला. “मग जी खरंच सोंग करते तिची रेघ कशी असते, तेही दाखवा.” आणि त्यानं थोरलीकडे बघितलं. नाव घ्यायची गरज नव्हती.

“मी कुणाचीही दाखवणार नाही. आधी तसं बोलणं झालंय.”

थोरली सरीतून बाहेर आली. तिच्या चपलांना मातीचे गोळे चिकटले होते. “माझी दाखवा,” ती म्हणाली.

“ताई, नाही दाखवली तरी चालेल.”

“दाखवा. सगळ्यांना दाखवा. एकदाच काय ते होऊन जाऊ दे.”

सगळ्या टॅबभोवती जमल्या. ट्रॅक्टरही थांबला, आणि त्या शांततेत थोरली तिथंच हळूहळू कमरेतून वाकली. सगळ्यांच्या नजरा रेघेवर. ती खाली जाताना रेघ फुलली. पूर्ण वाकल्यावर, जिथं धाकटीची झोपली होती, तिथं थोरलीची रेघ तशीच दाट उभी राहिली. ती थांबली तरी रेघ थांबेना.

“हे बघा,” मापवालीचा आवाज खाली आला होता. “बऱ्याच दुखऱ्या पाठींचं असं होतं. पाठ भितेच, सोडतच नाही. खाली जाताना काम, वर येताना काम, आणि बाकीच्यांची पाठ जिथं सुटते तिथंही काम. या ताईंच्या पाठीला सकाळपासून सुट्टीच नाहीये.”

“पण हेही सोंग करून…” मुकादमानं सुरुवात केली.

“तोंडानं करता येतं,” मापवाली म्हणाली. “थकव्याचा तो जाड आवाज काढून दाखवा, नुसता ठरवून. मला नाही जमणार.”

“मुकादमांना लावा चकत्या,” धाकटी म्हणाली. “मी पुसते पाठ. स्पिरिट पुरेल का बघा.”

हशा असा उठला की बांधावरचे कावळे उडाले. मुकादमानं विनाकारण हातातली काठी दुसऱ्या हातात घेतली. थोरली अजून वाकलेलीच होती, कारण तिला उठायला नेहमीच वेळ लागे. पण या वेळी ती उठताना कुणी तोंड फिरवलं नाही. मांड्यांवर हात टेकत टेकत ती वर आली आणि सगळ्यांकडे सरळ बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हनुवटी वर होती. महिन्याभरात तिची मान एवढी उंच कुणी पाहिली नव्हती.

ट्रॅक्टरवरून तिचा नवरा उतरला. तो कामाच्या वेळी कधी उतरत नसे. तो मुकादमाला ओलांडून मापवालीसमोर आला, टोपी काढली, पुन्हा घातली.

“आणि क्रेट अर्धा भरला तर?”

“तेच बघायला आलेय, दादा. दुपारी सगळ्यांनी अर्धाच भरायचा. मालकांशी बोलणं झालंय.”

“अर्धा?” मुकादम म्हणाला. “मग शेत कधी उरकायचं?”

“मी ट्रॉली जवळ आणत जातो,” थोरला म्हणाला. “बांधावर कशाला, सरीच्या तोंडाशी आणतो.” आणि मग बायकोकडे न बघता पुढे म्हणाला, “हे मला आधीच सुचायला हवं होतं.”

जेवणाची सुट्टी झाली आणि दुपार सुरू झाली. सुरुवातीला बायकांना अर्धा क्रेट उचलायची लाज वाटली. रिकाम्या हातानं पाहुण्याकडे जावं तसं वाटत होतं. एकजण दर वेळी ट्रॉलीपाशी म्हणे, “एवढंच हं,” जणू ट्रॉली रागवेल. पण तिसऱ्या-चौथ्या फेरीला पावलांचा सूर बदलला. क्रेट पोटावर न दाबता चालता येत होतं. चालता चालता बोलता येत होतं. कुणी टेकवत नव्हतं, कुणी कुणासाठी अडकून राहत नव्हतं. सकाळी क्रेट उचलताना जी “आई गं” रांगभर फिरायची ती कुठे ऐकू येईना. ट्रॅक्टर एक सरी उलटून परत येईपर्यंत मागची सरी साफ झालेली असे. थोरल्याला पहिल्यांदाच बायका मागे लागल्यासारखं वाटायला लागलं.

“अहो, जरा रेटा की,” धाकटी ओरडली. “डुलकी लागली का?”

थोरली रांगेच्या मधोमध होती, पुढे नाही आणि मागेही नाही. दुखत होतंच, चेहऱ्यावर दिसत होतं, पण एका फेरीला ती ट्रॉलीपाशी पोचली, क्रेट ओतला आणि आपण वाटेत कुठे थांबलोच नाही हे लक्षात येऊन रिकामा क्रेट हातात घेऊन तिथंच उभी राहिली. धाकटीनं मागून कोपर मारलं. “फोटो काढायचाय का? सरका.”

एकट्या पहारबाई शीग भरत होत्या.

त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं. “मला नाही जमत अर्धं-मुर्धं,” त्या म्हणाल्या होत्या. काठावर ढीग चढवायचा, घट्ट तोंडानं उचलायचा, ताठ चालायचं. पण रांग हलकी झाली होती आणि त्या जड राहिल्या होत्या. ज्या बाईला त्या शेतात आजवर कुणी मागे टाकलं नव्हतं तिच्या पुढे मशीनच्या तेलवाली गेली, मग आणखी एक, मग धाकटी. धाकटीला दोन पावलं पुढे गेल्यावर ते कळलं. तिनं विनाकारण चपलेतली माती काढायला थांबून सासूला पुढे जाऊ दिलं. पहारबाईंनी जाताना म्हटलं, “मला कळत नाही असं समजू नकोस.”

ऊन उतरायच्या आत ट्रॅक्टरपुढे उलटायला सरी उरली नव्हती. त्या दिवसाचा तुकडा संपला होता, आणि दुसऱ्या दिवशीच्या तुकड्यातल्या दोन सऱ्याही. मुकादम बांधावरून चालत जाऊन खात्री करून आला. मापवालीनं बायकांना पुन्हा टेबलावर घेतलं. संध्याकाळच्या पाठी सकाळच्यासारख्या ताज्या नव्हत्या, पण स्पीकरमधून तडतड येत होती. शिगेच्या क्रेटनंतरची घरघर तिनं जेवणाच्या सुट्टीतच टिपून ठेवली होती. दोन्ही आवाज एकापुढे एक वाजवले तेव्हा कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. थोरलीचा आवाज जाडच होता, पण सकाळी जिथं तिला धरावं लागलं होतं तिथून ती आपली आपण खाली आली.

मालक तेव्हाच आला. त्यानं भरलेल्या ट्रॉल्या बघितल्या, मोकळं शेत बघितलं, दोन्ही आवाज ऐकले. तो वाईट माणूस नव्हता. स्वतः कधी क्रेट उचलला नव्हता, एवढंच. “मग उद्यापासून अर्धा भरायचा म्हणता?” त्यानं विचारलं, आणि त्याच्या आवाजात होकार जवळजवळ तयार होता.

“मालक, आज पाहुणी होती म्हणून बायका पळाल्या,” मुकादम म्हणाला. “उद्या अर्धा क्रेट आणि अर्धं काम. सवय बिघडेल. आणि जड जड काय लावलंय? हा क्रेट तुम्ही पहिल्यांदा आणलात तेव्हा भरून मधे ठेवला होता, आठवतं? बायका मागे सरल्या. पहारबाई पुढे आल्या, उचलला, ट्रॉलीत ठेवला, हात झटकले आणि म्हणाल्या, यात काय आहे. त्या दिवसापासून तोच चाललाय. आजही त्यांनी शीग भरली, दिवसभर. मशीन मोठं की माणूस?”

मालक पहारबाईंकडे बघायला लागला. सगळेच बघायला लागले. त्या शेडच्या दाराशी ताठ उभ्या होत्या, चेहऱ्यावर काही नाही. तयार होकार मालकाच्या तोंडात विरघळताना दिसत होता.

मुकादमाला तेवढ्यानं बळ आलं. शिगेला भरलेला एक क्रेट शेडसमोर पडलाच होता. तो त्यानं पायानं पुढे सरकवला. “थोरले, तुझं नाव ठेवायचं ना टोळीत? तूच तर सकाळी सगळ्यांना दाखवा म्हणालीस. उचलून दाखव. सासूला जमतं ते सुनेला जमलं पाहिजे.”

“काही गरज नाही,” मापवाली म्हणाली.

“मी उचलतो,” थोरला म्हणाला.

“तुला कोण विचारतंय?”

थोरली पुढे झालीच होती. दिवसभराच्या विजयानं तिच्यात काहीतरी भलतंच भरलं होतं. तिनं क्रेटच्या दोन्ही कानांत बोटं अडकवली आणि कमरेतून खाली गेली. धाकटी म्हणाली, “जाऊबाई, सोडा.” थोरलीनं श्वास ओढून घेतला.

तेवढ्यात पहारबाई दारापासून निघाल्या. त्या आल्या, त्यांनी थोरलीच्या मनगटाला धरून तिचा हात क्रेटपासून दूर केला, वळल्या, आणि क्रेटच्या शिगेवर बसल्या. दोन-चार बटाटे घरंगळत मुकादमाच्या बुटांपाशी गेले. पहारबाईंना शेतात बसलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. बसताना त्यांनी एक हात कमरेवर ठेवला होता, आणि बसल्यावरही तो काढला नाही.

“पहारबाई?” मालक म्हणाला. “हे काय? तुम्हीच सांगा आता. तुम्ही म्हणाल ते.”

पहारबाईंनी आधी दोन्ही सुनांकडे बघितलं, मग मालकाकडे.

“जड आहे, मालक,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशीही जडच होता. हात झटकले तेव्हाच माझ्या कमरेत काहीतरी गेलं, ते अजून परत आलेलं नाही. सकाळी मी घरात सगळ्यांच्या आधी उठते ना, ती कामासाठी नाही उठत. मला उठायला वेळ लागतो आणि तो कुणी बघू नये म्हणून उठते. या पोरींना दुखतं. मला त्यांच्या आधीपासून दुखतंय.”